विरुद्ध पडलेली मते

कोणत्याही मतदानाचा निकाल जाहीर झाला म्हणजे लोकांचे लक्ष प्रथम जिंकलेल्या बाजूच्या आकड्याकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु महाविद्यालयात पंचवीस-तीस वर्षे इतिहास शिकविल्यामुळे आम्हांस एक खोड जडली आहे. आम्ही आधी हरलेल्या बाजूचा आकडा पाहतो. विजयाचा आकडा किती मोठा आहे, हे सांगावयास पुष्कळ लोक तयार असतात. पराभवाचा आकडा मात्र आपण होऊन पुढे येत नाही, त्याला शोधावे लागते. आणि पुष्कळदा त्या लहान आकड्यातच मतदानाची खरी हकीकत दडलेली असते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभांचा ज्यांस अनुभव आहे त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अध्यक्ष ठराव वाचतात, चष्म्यावरून एकवार सभोवार पाहतात, 'कोणाची हरकत नाही ना?' असे विचारतात, आणि चिटणीस वहीत 'सर्वानुमते मंजूर' असे लिहून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटणारा प्रत्येक दुसरा गृहस्थ हलक्या आवाजात सांगतो, की मी मनातून विरुद्धच होतो. रंगकामाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या ठरावात याने कोणाचे मोठेसे बिघडत नाही. पुढच्या वर्षी सभा पुन्हा भरते आणि ठराव फिरविता येतो. परंतु आपला प्रांत कोणत्या देशात असावा, असा प्रश्न ज्या मतपत्रिकेवर असतो तिची गोष्ट वेगळी आहे. या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते याच भेदाविषयी आहे.

निमित्त झाले ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे. विसाव्या शतकातील युरोपचा भाग संपवून आम्ही क्रिमियाकडे वळलो होतो. काळ्या समुद्रात उतरलेल्या त्या लहानशा द्वीपकल्पात दिनांक 16 मार्च 2014 रोजी सार्वमत घेण्यात आले. तेथील अधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या निकालाप्रमाणे युक्रेन सोडून रशियात सामील होण्याच्या बाजूने 12,33,002 मते पडली, म्हणजे जवळजवळ 97 टक्के. दुसऱ्या पर्यायास मिळाली 31,997. सेव्हास्तोपोल शहराची मोजणी स्वतंत्र झाली, आणि तिचा कौलही असाच होता. दोनच दिवसांनी मॉस्कोत विलीनीकरणाच्या करारावर सह्या झाल्या. हे सर्व फळ्यावर लिहून आम्ही या मतदानास 'वादग्रस्त' हे विशेषण लाविले, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला: 'सर, तिथल्या बहुतेक लोकांना रशियातच जायचे होते ना? मग वाद कसला?'

प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर देणे प्राप्त होते. ते देताना रशियाची बाजू दुबळी करून मांडणे हे शिक्षकास शोभले नसते. क्रिमिया 1783 मध्ये रशियाच्या ताब्यात आला. सेव्हास्तोपोल हे रशियन आरमाराचे ठाणे, आणि 1853 ते 1856 च्या युद्धातील त्याच्या वेढ्याची स्मृती रशियन मनात खोलवर रुजलेली आहे. हा प्रदेश युक्रेनकडे गेला तो 1954 साली, सोव्हिएत संघाच्या वरिष्ठ मंडळाच्या एका हुकुमाने. त्या वेळी तेथील रहिवाशांस कोणी विचारले नव्हते. दोन्ही प्रांत एकाच संघात असल्यामुळे त्या बदलाचे तेव्हा कोणास फारसे वाटलेही नसावे. युक्रेनने 2001 मध्ये केलेल्या जनगणनेत क्रिमियातील सुमारे 58 टक्के लोकांनी आपण रशियन असल्याचे सांगितले होते. इतकेच नव्हे, तर सार्वमतानंतर महिन्याभराने प्यू या अमेरिकन संशोधनसंस्थेने तेथे पाहणी केली, तेव्हा 91 टक्के लोकांनी मतदान मोकळेपणाने व न्यायाने झाले असे उत्तर दिले. रीतसर मत घेतले असते तरी बहुमत रशियाकडेच झुकले असते, हा तर्क म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

तथापि याच लोकांनी 1991 च्या डिसेंबरात युक्रेनच्या स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला होता, हेही विसरून चालणार नाही. तेव्हाचे प्रमाण होते सुमारे 54 टक्के. म्हणजे 46 टक्के मते इतर बाजूंना गेली, ती मोजली गेली, छापली गेली, आणि ती देणारी माणसे आपापल्या घरी सुखरूप नांदली. मनुष्याचे मन बावीस वर्षांत पालटू शकते, हे कोणीही कबूल करील. पण 54 वरून 97 वर आकडा चढतो तेव्हा केवळ मने पालटली, की मत देण्याची रीतही पालटली, हे पाहणे इतिहासकाराचे कामच आहे.

ती रीत कशी होती? युक्रेनचे अध्यक्ष यानुकोविच 22 फेब्रुवारी 2014 रोजी सत्तेवरून गेले. पाचच दिवसांनी, 27 तारखेस पहाटे, सशस्त्र माणसांनी सिम्फेरोपोल येथील विधिमंडळाची इमारत ताब्यात घेतली. त्यांच्या गणवेशावर कोणत्याही देशाचे चिन्ह नव्हते. त्याच दिवशी, त्याच इमारतीत, नवे मुख्यमंत्री म्हणून अक्स्योनोव्ह यांची निवड झाली. त्यांच्या पक्षास 2010 च्या निवडणुकीत शंभरांपैकी तीन जागा मिळाल्या होत्या. सार्वमताची तारीख प्रथम 25 मे ठरली, नंतर ती 30 मार्चवर आली, आणि अखेर 6 मार्च रोजी, अवघ्या दहा दिवसांची मुदत देऊन, 16 मार्चवर आणण्यात आली. प्रश्नही त्याच दिवशी बदलला. आरंभी तो युक्रेनमध्ये राहून अधिक स्वायत्तता मिळविण्याचा होता, तो आता देश बदलण्याचा झाला. चिन्हरहित गणवेशातील त्या माणसांविषयी रशियाच्या अध्यक्षांनी एप्रिलमध्ये स्वतःच सांगितले, की स्थानिक स्वसंरक्षक दलांच्या पाठीशी आमचे सैनिक उभे होते.

मतपत्रिका तीन भाषांत छापलेली होती, पण तिच्यावर पर्याय दोनच होते. पहिला, रशियात सामील होणे. दुसरा, 1992 ची राज्यघटना पुन्हा लागू करून युक्रेनचा भाग म्हणून राहणे. 'आज जसे आहे तसेच राहू द्यावे' असे ज्याच्या मनात होते त्याला खूण करण्यास कागदावर जागाच नव्हती. दिवाणखान्याचे दोन रंग दाखवून यांतला कोणता देऊ असे रंगारी विचारतो, तेव्हा रंग द्यावयाचाच आहे हे त्याने आधीच ठरवून टाकलेले असते. हरलेल्या 31,997 मतांचा अर्थ लावणे यामुळेच कठीण होऊन बसते.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही, ती म्हणजे मतदार कोण, हे कोणी ठरविले. क्रिमियाचे तातार हे तेथील फार जुने रहिवासी. मे 1944 मध्ये स्टालिनच्या आज्ञेवरून अवघ्या तीन दिवसांत या समाजाच्या 1,80,000 हून अधिक लोकांस मालगाड्यांत कोंबून उझबेकिस्तान आणि इतर दूरच्या प्रदेशांत धाडण्यात आले. वाटेत आणि पहिल्या काही वर्षांत हजारो दगावले. पुष्कळांना मायभूमीस परतता आले ते 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस. 2001 मध्ये त्यांचे प्रमाण सुमारे 12 टक्के होते. बहुसंख्य कोण आणि अल्पसंख्य कोण, याचा निकाल क्रिमियात मतपेटीच्या पुष्कळ आधी आगगाडीच्या डब्यांनी लावून ठेविला होता. तातारांच्या प्रातिनिधिक सभेने, म्हणजे मेजलिसने, सार्वमतावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. जे घरी बसले त्यांचे मत 97 टक्क्यांतही नाही आणि 31,997 मध्येही नाही.

असले प्रचंड आकडे युरोपास नवे नाहीत. आमच्या आधीच्या पिढ्यांनी गॅरिबाल्डीचे चरित्र मोठ्या आवडीने वाचले. त्याचे जन्मगाव नीस हे फ्रान्समध्ये कसे गेले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. इटलीच्या एकीकरणास तिसऱ्या नेपोलियनने केलेल्या साहाय्याची किंमत म्हणून काव्हूरने नीस आणि सवॉय हे दोन्ही प्रांत त्याला देऊ केले. तसा करार मार्च 1860 मध्ये झाला आणि लोकांचे मत घेतले गेले ते त्यानंतर, एप्रिलमध्ये. सवॉयमध्ये फ्रान्सच्या बाजूने 1,30,533 मते पडली आणि विरुद्ध 235. गॅरिबाल्डीने तुरीनच्या संसदेत या व्यवहारावर कडाडून टीका केली, पण उपयोग झाला नाही. सवॉयचे लोक फ्रेंच भाषिक होते, आणि त्यांतील पुष्कळांस फ्रान्स हवा होता यात शंका नाही. पण सव्वा लाखाहून अधिक माणसांत 235 जणांनाच जुने राज्य प्रिय होते, हे मानण्यास मनुष्यस्वभावाचा फारच थोडा परिचय असावा लागतो.

याच्या उलट उदाहरण श्लेस्विगचे. डेन्मार्क आणि जर्मनी यांच्या सीमेवरील हा प्रदेश 1864 च्या युद्धात डेन्मार्कच्या हातून गेला. उत्तरेकडील लोकांचे मत घेऊ, असे 1866 च्या प्रागच्या तहात लिहिले गेले, पण ते कलम बारा वर्षांनी रद्द करण्यात आले. ते मत प्रत्यक्षात घेतले गेले पहिल्या महायुद्धानंतर, 1920 साली. तत्पूर्वी जर्मन लष्कर आणि वरिष्ठ अधिकारी तेथून हलविण्यात आले आणि कारभार एका आंतरराष्ट्रीय मंडळाकडे आला. जे त्या प्रदेशात जन्मले पण पोटासाठी अन्यत्र गेले होते त्यांनाही येऊन मत देण्याची मुभा होती. उत्तर विभागात सुमारे 75 टक्के मते डेन्मार्ककडे पडली, तर दक्षिणेकडील विभागात सुमारे 80 टक्के जर्मनीकडे. सीमा या दोहोंच्या मधून गेली. ही व्यवस्था सर्वांस रुचली असे नाही. उत्तर विभागातील टोंडर शहराने मोठ्या बहुमताने जर्मनीस मत दिले होते, पण त्या विभागाची मते एकत्र मोजल्यामुळे ते डेन्मार्कमध्ये गेले. तरीसुद्धा ती सीमा टिकली. पुढे 1940 मध्ये हिटलरने संबंध डेन्मार्क व्यापला, तेव्हाही ती हलविली गेली नाही. 1955 मध्ये दोन्ही सरकारांनी आपापल्या बाजूस राहिलेल्या अल्पसंख्याकांच्या भाषा, शाळा आणि संस्था यांस अभय दिले.

इतके सांगून झाल्यावर त्याच विद्यार्थ्याने पुन्हा हात वर केला. 'मग जुनागढचे काय, सर?' वर्गात किंचित हशा झाला, पण आम्हांस तो प्रश्न पहिल्याहून मोलाचा वाटला. परक्याच्या घरातील जमाखर्च तपासणे सोपे असते.

जुनागढच्या नवाबाने 1947 मध्ये पाकिस्तानशी सामीलनामा केला. संस्थानातील प्रजा चार-पंचमांशांहून अधिक हिंदू होती आणि पाकिस्तानशी त्याची भूमी कोठेही लागून नव्हती. नवाब कराचीस निघून गेला, नोव्हेंबरात कारभार भारत सरकारच्या हाती आला, आणि 20 फेब्रुवारी 1948 रोजी सार्वमत झाले. सुमारे 1,90,000 मतांपैकी पाकिस्तानकडे गेली ती अवघी 91. येथेही कारभार आधी हाती आला आणि मत नंतर घेतले गेले. येथेही त्या दिवशी व्यवस्था राखणारे हात निकालाविषयी उदासीन नव्हते. प्रजेचा कल कोणीकडे होता याविषयी आमच्या मनात यत्किंचितही संशय नाही. परंतु 91 हा आकडा आमच्या बाजूचा आहे, एवढ्यावरून तो 235 हून अधिक विश्वसनीय ठरत नाही, हे आम्ही वर्गात सांगितले आणि येथेही सांगतो. जुनागढच्या मतास जे वजन आहे ते पुढल्या काळाने दिले आहे. तेथील लोकांनी 1952 पासून इतर भारतीयांप्रमाणे वारंवार निवडणुकांत भाग घेतला आणि सरकारे बदलली. तरीही पाकिस्तानने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात जुनागढ आपलेच म्हणून दाखविले. केवळ मतपेटीच्या बळावर प्रतिपक्षाचे तोंड बंद होत नसते.

मराठी वाचकांस आणखी जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथे प्रश्न देश बदलण्याचा नव्हता, एकाच देशात राहून महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की केंद्रशासित राहावयाचे, एवढाच होता. पण भाषा, धर्म आणि घराणी यांच्या भावना त्यात काही कमी गुंतलेल्या नव्हत्या. आमचे सासरे फोंड्याचे. दिनांक 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात त्यांनी फुलावर, म्हणजे विलीनीकरणावर, खूण केली. मडगावच्या त्यांच्या चुलत भावाने दोन पानांवर केली. मुख्यमंत्री बांदोडकर हे स्वतः विलीनीकरणाचे पुरस्कर्ते. सत्तेवर असलेल्या पक्षाने असे मत घेऊ नये, म्हणून त्यांच्या सरकारने डिसेंबर 1966 मध्ये राजीनामा दिला होता. निकाल लागला तो असा: केंद्रशासित राहण्याच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170. त्या रात्री आपण जेवलो नाही, असे सासरे सांगत. पण दोनच महिन्यांनी निवडणूक झाली, तीत बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा निवडून आला, आणि ज्या लोकांनी त्यांचे विलीनीकरण नाकारले त्यांचेच ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. दोन्ही चुलत भावांचा गणपती पुढेही एकाच घरात बसत राहिला. वाद चालू राहिला, तो आरतीनंतर, पानावर बसून.

आता क्रिमियाकडे परत जाऊ. राज्य फोडण्याचे जाहीर आवाहन करणे हा रशियात मे 2014 पासून फौजदारी गुन्हा आहे. मार्चमध्ये क्रिमियाने जे केले ते पुन्हा करू म्हणणे मे महिन्यात तेथे गुन्हा ठरले. तातारांच्या मेजलिसवर 2016 मध्ये बंदी आली. येथे रशियास हसणे सोपे आहे, पण आपल्या राज्यघटनेतही 1963 च्या सोळाव्या दुरुस्तीने देशाच्या अखंडतेसाठी भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा घातलेलीच आहे. बहुतेक राज्ये एकदा आत आलेल्या प्रदेशास बाहेरचे दार दाखवीत नाहीत, आणि त्यांच्या दृष्टीने तसे करण्यास कारणेही असतात.

परंतु यातूनच आमच्या मते विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निघते. सरकार निवडण्याचे मत पाच वर्षांनी फिरविता येते. देश निवडण्याचे मत एकदाच मागितले जाते. त्या दिवशी ज्याला 'नाही' म्हणावयाचे आहे त्याच्या वाट्यास तो एकच दिवस येतो. म्हणून अशा मतासाठी इतर कोणत्याही मतापेक्षा अधिक अवधी हवा, प्रश्न अधिक स्वच्छ हवा, आणि दाराशी उभा असलेला शिपाई दोन्ही पक्षांना सारखाच परका हवा. बहुसंख्यांचा कल आधीच ठाऊक होता, ही सबब येथे चालत नाही. कल ठाऊक असेल तर बंदुकीची आणि दहा दिवसांच्या घाईची गरजच काय होती? ती घाई ज्यांना जावयाचे होते त्यांच्यासाठी नव्हती. ज्यांना जावयाचे नव्हते त्यांनी आपसांत बोलू नये, जमू नये आणि आपली संख्या मोजू नये, यासाठी ती होती.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 27 मार्च 2014 रोजी ते सार्वमत निराधार ठरविणारा ठराव आला. त्याच्या बाजूने 100 देश, विरुद्ध 11, आणि 58 तटस्थ. तटस्थांत भारतही होता. पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी आक्रमण केले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आणखी चार प्रांतांत, युद्ध चालू असतानाच, तशीच मते घेतली. दोनेत्स्कमध्ये 99 टक्क्यांहून अधिक लोक अनुकूल असल्याचे जाहीर झाले. क्रिमियात जी रीत पचली तिच्या आकड्यात आता आणखी दोन टक्के वाढले होते.

तेव्हापासून हा भाग शिकविताना आम्ही फळ्यावर हरलेल्या बाजूची मते तेवढी लिहितो: सवॉय 235, जुनागढ 91, क्रिमिया 31,997, श्लेस्विगचा उत्तर विभाग शेकडा 25, गोवा 1,38,170. मग यांपैकी कोणत्या ठिकाणी निकालानंतर लोक एकमेकांशेजारी मोकळेपणाने भांडत राहू शकले, असे मुलांना विचारतो. मुले थोडा वेळ फळ्याकडे पाहतात, आणि बहुधा शेवटच्या दोन नावांवर बोट ठेवतात.